फाटकाच्या आतले हक्क: दिंडोरीतल्या एका द्राक्ष पॅकहाऊसचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसची आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, मालक आणि परदेशी भागीदार यांची नावे दिलेली नाहीत; माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे. मी ज्या संस्थेत काम करते तिला यात बोलावले गेले ते 2023 च्या हंगामाच्या मध्यावर. बोलावण्यामागचे कारण मॅनेजरने फोनवरच सांगून टाकले होते : "मॅडम, महिलांची एक बैठक घेऊन द्या. सह्या आणि फोटो लागतील."

फोटो का लागले ते कळायला थोडे मागे जावे लागते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यातले द्राक्ष जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून न्हावा-शेव्याला आणि तिथून बहुतांशी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराला जाते. युरोपने आधी फळाकडे पाहिले. 2006 च्या सुमारास अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट पद्धत आली, प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटची नोंद सुरू झाली आणि पेटीवरच्या कोडवरून बाग शोधता येऊ लागली. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून नाशिकचे कंटेनर युरोपात अडकले. तो फटका इथला बागायतदार अजून विसरलेला नाही. तेव्हापासून मण्यात काय उतरले आहे याबद्दल अख्खा जिल्हा दक्ष झाला. त्या मण्याला हात कुणाचे लागले, हा प्रश्न मात्र उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आला. एखाद्या ब्रिटिश सुपरमार्केटने विचारले म्हणून एका पॅकहाऊसमध्ये, जर्मन गिऱ्हाइकाने विचारले म्हणून दुसऱ्यात.

आपले सरकारही हा प्रश्न व्यापाराच्या टेबलावर नको असेच म्हणत आले आहे. 1996 च्या सिंगापूर परिषदेत कामगारांचे निकष जागतिक व्यापार संघटनेच्या करारांना जोडायला भारताने विरोध केला. 2017 मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये महिला आणि व्यापार यावर शंभराहून जास्त सदस्यांनी जे घोषणापत्र काढले, त्यातही भारत सामील झाला नाही. श्रीमंत देश या निकषांच्या आडून आपला माल अडवतील, ही भीती बिनबुडाची नव्हती. पण करारात जे नाही ते खरेदीच्या अटींत आले. माल पुरवणाऱ्यांकडे कामगारांचे हक्क पाळले जातात का हे कंपन्यांना पाहायला लावणारा जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा 1 जानेवारी 2023 पासून किमान 3000 कामगारांच्या कंपन्यांना लागू झाला आणि पुढच्या वर्षी ती मर्यादा 1000 वर आली. बर्लिनमधल्या कायद्याचा कागद दिंडोरीत पोचायला फार वेळ लागला नाही.

हे पॅकहाऊस दोन भावांचे. पूर्वी स्थानिक व्यापाऱ्याला माल द्यायचे, मग स्वतः निर्यातीत उतरले. काही वर्षांपूर्वी एका डच आयातदाराने थोडी भागीदारी घेतली. त्या पैशातून प्री-कूलिंगच्या दोन नव्या खोल्या आणि नवी ग्रेडिंग लाइन उभी राहिली. चांगल्या शेतीपद्धतीचे ग्लोबलगॅप प्रमाणपत्र होतेच. त्यावर कामगारांच्या परिस्थितीची तपासणी करणारे ग्रास्प आले, आणि एका ब्रिटिश गिऱ्हाइकासाठी त्याच धर्तीचे स्मेटा ऑडिट. हे सगळे मालकांच्या दृष्टीने "कागदाचे काम" होते, आणि ते एका शिकलेल्या पुतण्याकडे सोपवले होते.

हंगामात टेबलांवर शंभराच्या आसपास बायका. निम्म्या आजूबाजूच्या गावांतल्या, संध्याकाळी घरी जाणाऱ्या. निम्म्या पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबांतल्या, नवऱ्याबरोबर ऑक्टोबर छाटणीलाच उतरलेल्या आणि बागांच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या बागेत : छाटणी, काडीला डोळे फुटण्यासाठी पेस्ट, विरळणी, जीएचे डिपिंग (मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवणे). जानेवारीनंतर त्याच पॅकहाऊसमध्ये. मजुरी मुकादमाच्या हातात. उचल दसरा-दिवाळीला घेतलेली, ती नवरा-बायकोच्या "जोडी"च्या नावावर. बाईचा रोज तीनशे, बाप्याचा चारशे, पण हिशेब जोडीचाच व्हायचा, त्यामुळे तीनशे कुणाचे हा प्रश्न कधी उठतच नसे.

काम काय, तेही सांगते, कारण पुढे ते महत्त्वाचे ठरते. क्रेटमधून घड उचलायचा तो देठाने. मण्यावरची पांढरी लव बोटाने पुसली गेली की तो माल युरोपच्या पेटीत जात नाही. डाव्या हातात घड फिरवत उजव्या हातातल्या बारीक कात्रीने तडकलेला, पाणमणी झालेला, बारीक राहिलेला मणी आतून काढायचा, शेजारच्या मण्याला टोक न लावता. मग रंग आणि आकार पाहून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) असा बसवायचा की वजन पाचशे ग्रॅमच्या खाली जाणार नाही आणि फार वरही जाणार नाही. सराईत बाई काट्याकडे बघतही नाही. मस्टरवर तिची नोंद होती : अकुशल, मदतनीस.

अडचण कुठे आली

फेब्रुवारीत ऑडिटर आला. पुण्याचा तरुण, हिंदी बोलणारा. त्याने बायकांना प्रश्न विचारले तेव्हा सुपरवायझर दोन पावलांवर उभा होता. सगळ्यांनी सगळे चांगले असल्याचे सांगितले. संडास किती, पाण्याची टाकी कधी धुतली, आगीचे सिलिंडर, सगळे नीट लिहून झाले. मग तो मागच्या बाजूला गेला.

तिथे लिंबाखाली पाच-सहा झोळ्या बांधलेल्या होत्या. रिकाम्या क्रेटच्या उतरंडीशेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी एका झोळीला पायाने झोका देत होती आणि हाताने रिकाम्या क्रेटमधली पाने झटकत होती. कुणी सांगितले म्हणून नव्हे, करायला दुसरे काही नव्हते म्हणून. ऑडिटरने लिहिले : आवारात मुले आढळली, बालमजुरीची शक्यता, गंभीर त्रुटी.

त्याने लिहिले ते खोटे नव्हते. ती मुलगी शाळेत असायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर बोर्ड लागला, "लहान मुलांना आत सोडले जाणार नाही", आणि वॉचमनने झोळीवाल्या बायकांना परत पाठवले. वीसएक बायका दोन दिवसांत कामावरून गेल्या. काही आपल्या खोलीवर बसल्या, काहींनी मोठ्या मुलीलाच खोलीवर धाकट्याजवळ ठेवले आणि आल्या. म्हणजे जिच्यासाठी त्रुटी निघाली होती ती आता लिंबाखालून पत्र्याच्या खोलीत गेली, कुणाच्याही नजरेआड. अहवालापुरती त्रुटी मिटली.

मुलाच्या हक्कासाठी केलेल्या अटीने आईचा रोजगार गेला, आणि मुलाच्या पदरातही काही पडले नाही. जागतिक खरेदीदारांच्या अटींनी बायकांचे भले होते की नुकसान, यावर शहरात चर्चासत्रे होतात तेव्हा मला हा बोर्ड आठवतो. अट वाईट नव्हती. ती पुरी करण्याचा स्वस्तातला मार्ग वाईट होता, आणि अहवालाचा नमुना असा होता की स्वस्त मार्ग आणि नीट मार्ग दोन्हींना सारखीच टिकमार्क मिळावी.

समोरचे पर्याय

मालकांपुढे तेव्हा काय काय होते ते पाहू. धाकट्या भावाचे म्हणणे साधे होते : लेकुरवाळ्या बायका घ्यायच्याच नाहीत. गावातल्या, मुले मोठी झालेल्या बायका मिळतात. ऑडिट निघून जाते, खर्च शून्य. माझ्या मते बहुतेक ठिकाणी हाच निर्णय होतो आणि कुठेही लिहिला जात नाही.

मॅनेजरला दुसरे सुचले होते. टेबलावरचे काम ठेकेदाराला द्यायचे. बायका मग कंपनीच्या नव्हेत, ठेकेदाराच्या. हे वरवर हुशारीचे वाटते, पण ऑडिटर ठेकेदाराचेही मस्टर मागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मालाच्या दर्जावरची पकड सुटते. थोरल्या भावाने दर्जाच्या या कारणासाठीच हा पर्याय झिडकारला.

तिसरा, मुले गावच्या अंगणवाडीत पाठवायची. ऐकायला बरे. पण अंगणवाडीत बसवतात ती तीन ते सहा वर्षांची मुले, ती दुपारी सुटते, आणि पॅकहाऊस भरात असताना रात्री नऊला सुटते. झोळीतले मूल तिथे बसत नाही.

उरले आवारातलेच पाळणाघर. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 48 प्रमाणे तीसपेक्षा जास्त महिला असतील तर सहा वर्षांखालील मुलांसाठी ते करावेच लागायचे. थोरल्या भावाचा सवाल होता, "अहो, हा तीन महिन्यांचा धंदा. कारखाना कसला?" पण त्या कायद्यातल्या उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येत माल पॅक करणेही येत होते आणि शीतगृहात ठेवणेही. म्हणजे जी गोष्ट परदेशी भागीदाराची मेहेरबानी म्हणून चर्चेत होती, ती इथल्या कायद्यात पंचाहत्तर वर्षे पडून होती. तिची आठवण करून द्यायला परक्या देशाचे गिऱ्हाईक लागले, हे मला आजही खटकते.

खर्चाचा हिशेब आम्ही पुतण्याबरोबर बसून केला. जुने क्रेट शेड दुरुस्त करायचे, तीन सांभाळणाऱ्या बायकांचा पगार, दूध, खिचडी, औषधे. हंगामाच्या मालावर वाटला तर किलोमागे चार आण्यांच्या आत बसत होता. आयातदाराला पत्र गेले : हे चार आणे दरात धरा. उत्तर नम्र होते. पुढाकाराचे कौतुक, दरात बदल शक्य नाही.

इथे निर्णय अडला आणि हंगाम संपला. बोर्ड तसाच राहिला.

काय केले

पावसाळ्यात आम्ही पहिल्यांदा बायकांशी नीट बोललो, पॅकहाऊसमध्ये नव्हे तर पेठ-सुरगाण्याला, त्यांच्या पाड्यांवर, भात लावणी उरकल्यावर. सुपरवायझर नाही, मुकादम नाही. त्यांच्या मागण्यांचा क्रम आमच्या अंदाजापेक्षा वेगळा निघाला. पहिली मागणी गाडीची. रात्री नऊला सुटल्यावर दीड-दोन किलोमीटर अंधारात चालत बागेतल्या खोलीवर जायचे. दुसरी, संडासला जायला विचारावे लागू नये. मग मुले. आणि मुलांबद्दल एक बाई जे बोलली ते आमच्या कुठल्याच कागदात नव्हते : "पोरीनं शाळंत जावं असं आम्हालाबी वाटतं. पण धाकट्याला धरणारं कुणी द्या आधी."

पगाराचा विषय एकीनेही काढला नाही. विचारल्यावर म्हणाल्या, तो मुकादम आणि मालकाचा मामला.

2024 चा हंगाम सुरू झाला आणि समुद्रातच वाट बदलली. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबर 2023 पासून जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. रॉटरडॅमचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे भडकले. मालकांनी सर्वात आधी हात घातला तो पाळणाघराच्या खर्चाला. प्रकरण इथेच बुडाले असते.

पण लांबलेल्या प्रवासाचा एक वेगळाच परिणाम झाला. एक तडकलेला मणी पनेटमध्ये राहिला तर पंचवीस दिवसांत कदाचित निभावतो, चाळीस दिवसांत अख्खी पेटी बुरशीला लावतो. आतून नीट साफ केलेल्या घडाची किंमत एकदम वाढली. पहिल्या कंटेनरांचे फोटो आयातदाराने पाठवले त्यात नव्या, घाईने घेतलेल्या मजुरांच्या टेबलांवरचा माल कोडवरून वेगळा दिसत होता. ज्यांना बोर्ड लावून घालवले त्या जुन्या हातांची उणीव थोरल्या भावाला तिथे दिसली. आम्ही तोच धागा पकडला. हक्काची भाषा आम्ही वर्षभर बोलत होतो. ऐकली गेली ती कुजलेल्या पेटीची.

त्या आठवड्यात दोन निर्णय झाले. पाळणाघर सुरू करायचे, आणि घड साफ करणाऱ्या बाईला मस्टरवर मदतनीस लिहायचे नाही. किमान वेतनाच्या वर्गवारीत तिला अर्धकुशल धरायचे, पेट्या उचलणाऱ्या पुरुषांच्या बरोबरीने. समान वेतनाचा कायदा 1976 पासून होता, पण तो सारख्या किंवा तशाच स्वरूपाच्या कामाला लागू व्हायचा. बाईचे आणि बाप्याचे काम मस्टरवर वेगळ्या नावाने लिहिले की कायद्यातून सहज पळवाट निघायची. बोलाचाली सगळ्यात जास्त याच मुद्द्यावर झाली. सुपरवायझर म्हणाला, "कात्री चालवणं ते काय, बायांच्या हातालाच असतं ते." थोरल्या भावाने त्याला टेबलावर बसवले आणि एक क्रेट साफ करायला सांगितले. त्याच्या पनेटा पाहून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रोजातला शंभराचा फरक त्या हंगामात पन्नासवर आला. पुरता गेला नाही.

पाळणाघरात एक सांभाळणारी मुद्दाम सुरगाण्याचीच घेतली, मुलांची बोली येणारी. अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयांना दोनदा सुट्टी द्यायची ठरली. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्यात मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत तशा दोन सुट्ट्यांची तरतूद होतीच. लाइन इन्चार्जची हरकत वेगळी होती आणि ती बिनतोड होती : बाहेर जाऊन आलेल्या बाईला टोपी, एप्रन, हात धुणे, सगळे पुन्हा करावे लागते, प्रत्येक वेळी दहा मिनिटे. तोडगा म्हणून त्या बायकांना एकाच टेबलावर आणले आणि त्यांची सुट्टी एका वेळी ठेवली. टेबल अर्धा तास रिकामे राहते, पण लाइन मोडत नाही.

मोठ्या मुलांसाठी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकेला भेटलो. शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. बाईंनी फारसे कागद न मागता मुले बसवून घेतली. या सगळ्या खटाटोपात सर्वात कमी कष्टाने झालेले काम हेच.

लैंगिक छळाविरुद्धची समिती 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसे कामाला असली की लागते. ती भिंतीवर होती. अध्यक्ष म्हणून थोरल्या वहिनींचे नाव. त्या पॅकहाऊसमध्ये पूजेला येत. ती बदलून टेबलावरची एक जुनी ग्रेडर अध्यक्ष केली, मुकादमाने आणलेल्या टोळीतली एक सदस्य घेतली, बाहेरची सदस्य आमच्या संस्थेतली. मालकाविरुद्धच तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हेही बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले. रात्रीची गाडी सुरू झाली, आणि तिच्यात ड्रायव्हरशेजारी कुणी पुरुष बसायचा नाही हा नियम बायकांनीच घातला.

पैसे कुणाच्या हातात

ऑडिटची अट होती की मजुरी ज्याची त्याच्या खात्यात जावी. मुकादम बिथरला. त्याचे कमिशन जोडीच्या रोजातून कापले जायचे. टोळी दुसऱ्या पॅकहाऊसला नेईन, अशी धमकी त्याने दिली, आणि तो नेऊ शकला असता. मालकांनी कमिशन आपल्या खिशातून वेगळे द्यायचे कबूल केले तेव्हा तो थांबला. याला काहीजण लाच म्हणतील. मला तो योग्य सौदा वाटतो. मुकादमाला वगळून त्या पाड्यांवरून माणसे आणण्याची दुसरी वाट कुणाकडेच नव्हती.

बायकांची खाती निघाली आणि पहिल्याच पंधरवड्यात कळले की एटीएम कार्डे नवऱ्यांच्या खिशात आहेत. मग पोस्टाच्या बँकेत आधारवर चालणारी खाती काढली, जिथे पैसे काढायला तिचा स्वतःचा अंगठा लागतो. हा इलाज आम्हाला फार आवडला होता. पोस्टमन मशीन घेऊन शुक्रवारी खोल्यांवर आला. पहिल्या बाईने अंगठा ठेवला, मशीन नाही म्हणाले. तिने पदराला पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधले बोट. ऑक्टोबरपासूनची छाटणी, पेस्ट, डिपिंग यांनी बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. रांगेतल्या तिघी-चौघींचे तसेच झाले. पोस्टमनने आदल्या रात्री बोटांना खोबरेल लावून ठेवा असे सांगितले. काहींचे त्याने जमले. बाकीच्यांना तालुक्याच्या केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागले, म्हणजे एका दिवसाचा रोज गेला.

निष्पत्ती

2024 च्या हंगामात घालवलेल्या वीसपैकी चौदा-पंधरा बायका परत आल्या. पाळणाघर होळीपर्यंत भरलेले होते. होळीला पेठ-सुरगाण्याची माणसे घरी जातातच, कुणाचे ऐकत नाहीत, आणि मोठी मुले परतली ती शाळेत पुन्हा पुरती रुळली नाहीत. लिंबाखालची ती मुलगी दोन महिने शाळेत गेली. पुढच्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातले असे तिच्या आईने सांगितले.

रात्रीच्या गाडीबद्दल एक तक्रार नव्या समितीकडे आली, चौकशी झाली, ड्रायव्हर बदलला. तक्रार करणारी टिकून राहिली, हे मी जास्त महत्त्वाचे मानते.

दोन गोष्टी उलट्याही गेल्या. रोज वाढल्यावर मालकांनी टोळीतल्या बायका थोड्या कमी आणि गावातल्या थोड्या जास्त घ्यायला सुरुवात केली. कारण विचारले तर गाडीचा खर्च. आणि आयातदाराने आपल्या वार्षिक अहवालात पाळणाघराचा फोटो छापला. दर तोच.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी भागीदारीच्या वेळीच होती. परदेशी पैसा आला तेव्हा इमारतीच्या आराखड्यात प्री-कूलिंग, लाइन, वजनकाटे सगळे होते. त्याच आराखड्यात पाळणाघराची एक खोली आणि बायकांचे पुरेसे संडास धरले असते, तर तो खर्च भांडवलात जिरला असता आणि दरवर्षी चार आण्यांची भीक मागावी लागली नसती. गुंतवणूकदार करार होण्यापूर्वी ऐकतो. नंतर फक्त विचारतो. पण त्या वेळी बायकांच्या वतीने टेबलावर कुणी नव्हते, आणि आमच्यासारख्या संस्थांना अशा कराराची खबर सहीनंतर लागते. 2025 च्या जुलैमध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात व्यापार आणि स्त्री-पुरुष समानता यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची भाषा सहकार्याची आहे. तरी जिल्हा पातळीवर कुणाला विचारायचे असेल तर ते कलम आता दाखवता येते, पूर्वी तेही नव्हते.

दुसरे, ऑडिटरचा प्रश्न. "आवारात मूल आहे का" याऐवजी "या बाईचे मूल आत्ता कुठे आहे" असे विचारले असते तर फाटकावरचा बोर्ड हे उत्तर ठरलेच नसते. आणि मुलाखती सुपरवायझरच्या देखत, हिंदीत होऊ नयेत, हे सांगायला खरे तर तज्ज्ञ लागत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. ही सगळी सुधारणा पॅकहाऊसच्या फाटकापाशी थांबली. त्याच बायका ऑक्टोबरात बागेत पेस्ट लावतात. हायड्रोजन सायनामाइड, छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर लावतात. अंगावर पडले तर कातडी सोलते, आणि ते हाताळल्यावर दारू पोटात गेली तर माणूस लालबुंद होऊन धापा टाकतो. युरोपीय संघात त्याला परवानगी नाही. पण फळ यायला अजून चार महिने असतात, मण्यात काही उतरत नाही, म्हणून उर्वरित अंशाच्या तपासणीत ते कुठे अडत नाही. युरोपने आपल्या मजुराच्या हाताला जे लागू दिले नाही ते इथल्या बाईच्या हातावरून युरोपच्या टेबलावर जाते. काम एकरी उक्ते असते, त्यामुळे मोजे घालून हळू काम करणाऱ्याचेच नुकसान.

इथे अडचण अशी की बाग मालकाची नाही, माल देणाऱ्या बागायतदारांची आहे. त्यांच्या घरातल्या बायकाही त्याच बागेत राबतात, आणि बहुतेकींचे नाव सातबाऱ्यावर नाही. ग्रेपनेटच्या नोंदीत प्लॉट नवऱ्याचा, बिल नवऱ्याच्या खात्यात. याच जिल्ह्यात चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे करावी असे आवाहन झाले. संघटनेचे संस्थापक शरद जोशी खुल्या बाजाराचे कट्टर समर्थक. बाजार उघडायचा तर बाईच्या नावावर काही असले पाहिजे, हे त्यांना दिसत होते. बाजार उघडला. नावे मोजकीच चढली.

हंगामाआधीच्या बैठकीत आम्ही या पॅकहाऊसला माल देणाऱ्या गटातल्या पंधरा बागायतदारांपुढे एक कागद ठेवला : पेस्टच्या दिवसांत उक्ते नाही, रोज द्यायचा, मोजे, चष्मा आणि धुवायला पाणी बागेत हवे, आणि घरच्या बाईचे नाव गटाच्या नोंदीत सहशेतकरी म्हणून लिहायचे. चौघांनी सही केली, त्यातल्या दोघांनी शेवटचे कलम खोडून. बाकीचे म्हणतात, छाटणी होऊ द्या, मग बघू.